रंगारीबुवांचं तिकीट

मी सगळी नोकरी पोस्टात केली आणि एकही पत्र कुणाच्या दारात नेऊन टाकलं नाही. हे सांगितलं की लोक विचारतात, "मग करायचात काय?" पुण्यात हा प्रश्न अशा सुरात विचारतात की उत्तर देण्याआधीच आपण फुकटचा पगार खाल्ला असं वाटायला लागतं. तर सांगते. शहरातल्या एका मोठ्या पोस्टात, मनीऑर्डरच्या खिडकीच्या पलीकडे, पंख्याचा वारा पोचत नाही अशा कोपऱ्यात तिकिटांचा काउंटर असतो. थोरामोठ्यांच्या स्मरणार्थ निघालेली तिकिटं तिथे मिळतात. ती एकदा छापतात, संपली की संपली. घेणारे बहुतेक पेन्शनर, आणि त्यांच्या सुना त्यांच्यावर वैतागलेल्या. त्या काउंटरवर मी बसायचे.

या कामात कसब लागतं ते एकाच ठिकाणी, शिक्का मारताना. रोजच्या टपालावरचा शिक्का तिकीट पुन्हा कुणी वापरू नये म्हणून असतो, त्यामुळे तो दणकन मधोमध बसतो. स्मरणार्थ तिकिटाचं तसं नाही. ते कार्डावर किंवा पाकिटावर चिकटवायचं आणि खास शिक्का असा टेकवायचा की त्याची कड तिकिटाच्या कोपऱ्याला जेमतेम शिवेल, तारीख वाचता येईल आणि चेहरा स्वच्छ राहील. संतांचं तिकीट असेल तर जास्तच जपायचं. संतांच्या तिकिटाला आमच्याकडे कुणी थुंकी लावत नाही, ओला स्पंज फिरवतात, आणि तोंडावर शिक्का पडला तर शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे हळहळतात. माझ्या हातून तसं कधी झालं नव्हतं. "झाडे बाईंचा शिक्का" अशी माझी थोडी ख्याती होती, आणि आईला मी घरी ती मीठमसाला लावून सांगायचे.

आमचं घर मूळचं चंद्रपूरकडचं. वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही पुण्यात आलो. मी आणि माझा धाकटा भाऊ उमेश तिथल्या क्वार्टरमध्येच वाढलो. सायकलवरून पडून त्याच्या डाव्या भुवईत खोक पडली होती, ती कायमची राहिली. पुढे वडील घरीच गेले, आम्हा सगळ्यांच्या हातावर. मी आणि आई कात्रजला राहायला आलो. उमेश कुठेच टिकला नाही. एका रविवारी माझ्याशीच कशावरून तरी वाद घालून, गुजरातेत काम बघतो म्हणून बॅग घेऊन गेला. काही दिवस फोन आले, मग फोन बंद. पोलिसात तक्रार दिली, माणसं पाठवली. काही कळलं नाही.

लेक पोस्टात आहे म्हटल्यावर आईची एक समजूत झाली होती, की जगातलं सगळं टपाल माझ्या हाताखालून जातं. मी कामावरून घरी आले की चप्पल काढायच्या आत तिचा प्रश्न ठरलेला. "आलं का वं काही?" इतकी वर्षं पुण्यात काढून तिची बोली बदलली नव्हती आणि तो प्रश्नही बदलला नाही. मी म्हणायचे, "नाही गं, उद्या बघू." ती मान हलवून चहा ठेवायची.

हे एवढं सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

माझ्या निवृत्तीला थोडा काळ उरलेला असताना रंगारीबुवांचं तिकीट निघायचं ठरलं. हे जुन्या काळातले संतकवी. धंदा कापड रंगवायचा. राजाचं कापड आणि महाराचं कापड एकाच रांजणात बुडवायचे म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं, आणि मग त्याच गावात त्यांची पदं गायली जाऊ लागली. त्यांचं चित्र कुठेच नाही. बुवा एकदा कापड धुवायला नदीवर गेले ते परत आले नाहीत, असं त्यांच्या पंथात सांगतात. शिष्यांना शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून त्यांच्या मठांत मूर्तीच्या जागी न रंगवलेलं कोरं कापड टांगतात आणि त्यालाच हात जोडतात.

खात्याने बुवांच्या पंथाच्या मंडळाकडे चित्र मागितलं. काही वृद्ध अनुयायी म्हणाले, कोरं कापडच छापा. पण मंडळाचे अध्यक्ष कडाडले, "बाकी सगळ्या संतांना चेहरे, आणि आमच्याच बुवांना फडकं?" हे वाक्य त्यांनी आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये इतक्या मोठ्याने म्हटलं की मनीऑर्डरची रांग वळून बघायला लागली. शेवटी मंडळानेच खडकीच्या अत्तार सरांकडून चित्र काढून घेतलं. अत्तार सर शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यांनी लहानपणी आम्हालाही शिकवलं होतं. चित्र मंजूर झालं, तिकीट छापून आलं.

मी गठ्ठा उघडला तेव्हा मला एक म्हातारा दिसला. फेटा, पांढरी दाढी, हाताची बोटं निळीने माखलेली. चेहरा बरा होता, पण लक्षात राहील असा नव्हता. मी मनात म्हटलं, सरांचा हात आता म्हातारा झाला.

प्रकाशनाच्या दिवशी हार, भाषणं, पेढे सगळं झालं. गर्दी ओसरल्यावर कारखान्याच्या गणवेशातला एक माणूस काउंटरवर आला. त्याने एक तिकीट घेतलं, बघितलं आणि तसाच उभा राहिला. मी म्हटलं, "सुट्टे नसले तरी चालेल." तो म्हणाला, "मॅडम, हे माझे वडील आहेत."

मला वाटलं, सरांनी ह्याच्या वडिलांना समोर बसवलं असेल. तसं विचारलं तर म्हणाला, "ते मी शाळेत असताना गेले. कारखान्यात स्फोट झाला होता. बंद पेटी आणली घरी, उघडू दिली नाही." त्याने तिकीट माझ्यापुढे धरलं. "ही बघा ना, हनुवटीवरची खळी." मला दाढी दिसत होती. खळी वगैरे काही नव्हती.

दोन दिवसांनी कर्वेनगरच्या कॉलेजातली एक मुलगी आली. तिला आजोबा दिसले. लॉकडाऊनमध्ये ते गावी वारले, हिला जाता आलं नव्हतं. "मॅम, literally तेच आहेत, चष्म्यासकट!" असं म्हणून ती हसली आणि मग काउंटरवर डोकं टेकून रडायला लागली. चित्रात चष्मा नव्हता. नंतर लोक येतच राहिले. माझ्या काउंटरला आयुष्यात पहिल्यांदा रांग लागली, आणि ती रांग बोलत नसे. पुण्यात रांगेत उभा असलेला माणूस गप्प आहे, हे मला सगळ्यात विचित्र वाटायचं. एकेक जण पुढे यायचा, तिकीट डोळ्यांजवळ न्यायचा आणि त्याचा चेहरा बदलायचा. कुणी हळूच काही बोलायचं, ते माझ्याशी नसायचं. मग कार्ड पुढे करून म्हणायचे, "तोंडावर मारू नका हं." मी कोपऱ्यावर शिक्का टेकवून द्यायचे.

माझ्या हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. सगळ्यांनाच काही दिसत नव्हतं. ज्यांनी आपल्या माणसाचं शेवटचं तोंड बघितलं होतं त्यांना फक्त म्हातारा दिसायचा. ज्यांचं ते राहून गेलं होतं, त्यांना आपलं माणूस दिसायचं. मोबाइलवर फोटो काढला तर त्यात पुन्हा म्हातारा. तिकीट हातात घ्यावं लागायचं.

साहेबांना विक्रीचा आनंद होता. "मार्केटिंग छान झालं मंडळाचं," असं म्हणाले. मी एका दुपारी सुट्टी टाकून खडकीला अत्तार सरांकडे गेले. सर खाटेवर बसून लसूण सोलत होते.

"सर, कुणाला समोर बसवलं होतं?"

"कोणालाच नाही. फेटा काढला, दाढी काढली, हात काढले. चेहऱ्याची जागा तशीच ठेवली. मनात म्हटलं, ज्याला चेहरा नाही त्याचा कुठून आणू? दुसऱ्या दिवशी बघतो तर झालेला होता. माझाच हात, दुसरं कोण येतंय इथे. पण काढल्याचं आठवत नाही बघ."

"तुम्हाला कोण दिसतं त्यात?"

सरांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "तुमच्या मावशी." म्हणजे त्यांच्या पत्नी. साथीच्या काळात दवाखान्यातच गेल्या, तिथूनच परस्पर नेल्या.

"दाढीसकट?" माझ्या तोंडून गेलं.

"दाढीच्या आत," सर म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. मला थंडी वाजत होती. सर म्हणाले, "आपण उगाच घाबरू नये. बरं वाटतं बघून." त्यांना खरंच बरं वाटत असावं. मला मात्र परत येताना बसमध्ये उमेश आठवत राहिला, आणि मी पर्समधलं तिकीट बाहेर काढायचं टाळलं.

तरी तेव्हा मला वाटत होतं की हे मनाचे खेळ आहेत. तो समज आगाशे काकांनी मोडला. आगाशे काका कर्वेनगरचे जुने संग्राहक. स्वतःचा चिमटा खिशात घेऊन येणार, तिकिटाच्या कडेचे दाते मोजणार आणि खात्याला चार शब्द सुनावून जाणार. रांगेतल्या लोकांकडे बघून ते एकदा मला म्हणाले होते, "अहो झाडे बाई, हे तिकीट आहे की आरसा? मला तर एक सुमार म्हातारा दिसतो. तो मला घरीही दिसतो, फुकट."

एका सकाळी ते दार उघडताच आले. खिशातून तिकीट काढून काउंटरवर ठेवलं. "हे बदललंय."

"काका, छपाई बदलत नसते, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"मला शिकवू नका. हा आमचा नाना आहे. धाकटा भाऊ. अमेरिकेत असतो, परवाच बोललो त्याच्याशी, ठणठणीत आहे. इथे कसा आला?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच करडा होता, पण चिमटा आज खिशातून बाहेर आलाच नव्हता. मी त्यांना पाणी दिलं, काहीतरी चेष्टा केली, भावाला फोन लावा म्हटलं. फोन कुणी उचलला नाही. दुपारी तिकडूनच फोन आला. नाना झोपेतच गेला होता.

म्हणजे तिकिटाला आधी कळलं होतं. त्या दिवसापासून मी त्या तिकिटाला भ्यायला लागले, आणि तरी सकाळी ड्रॉवर उघडून पहिल्यांदा तेच बघायला लागले. एका शीटवर तेच तिकीट ओळीने छापलेलं. सगळीकडे तोच म्हातारा, निळ्या बोटांचा. उमेश नाही. मग मी श्वास सोडायचे आणि कामाला लागायचे. संध्याकाळी आई विचारायची, "आलं का वं काही?" मी "नाही" म्हणायचे. पूर्वी हे "नाही" मला जड जायचं. आता त्याचा आधार वाटायला लागला. काही आलं नाही, कोणी दिसलं नाही, म्हणजे तो आहे.

आईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पण आमच्या सोसायटीत बातमी लपत नाही. शेजारच्या सुमनताईंनी एक दिवस सगळं सांगून टाकलं. आईने मला तिकीट मागितलं. मी म्हटलं संपलं. मग म्हटलं साहेब देत नाहीत. मग म्हटलं, तुझ्या डोळ्यांना मोतीबिंदू आहे, तुला काय दिसणार? ती गप्प बसली. आई गप्प बसली की तिने काहीतरी ठरवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रांगेत मान खाली घालून मी कार्डांवर शिक्के टेकवत होते. समोरून आवाज आला, "एक तिकीट द्या, मॅडम." वर बघितलं तर आई. ठेवणीतलं लुगडं, हातात पर्स, मागे ओशाळलेल्या सुमनताई. आगाशे काका बाजूच्या बाकावर बसले होते. नाना गेल्यापासून ते काही घ्यायला येत नसत, नुसते बसत.

आई रांगेत उभी राहून आली होती. रांगेतल्या माणसाला तिकीट नाकारता येत नाही. मी शीटमधून एक तिकीट वेगळं केलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

तिने ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. दाराच्या उजेडाकडे वळली. सगळी रांग तिच्याकडे बघत होती. मग तिचा चेहरा उजळला.

"मले तं कोणीच नाही दिसत बाई! धुकट धुकट फेटा दिसते, अन् दाढी. कोणी म्हातारा हाये." ती वळून सुमनताईंना म्हणाली, "आईकलं का? आपलं पोट्टं हाये! कुठंबी असन, पन हाये!" तिच्या माहेरची सासरची सगळी तिच्या हातावर गेली होती, शेवटचं तोंड बघायचं राहून गेलेलं असं तिचं दुसरं कोणी नव्हतं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मीही हसले. उगाच भीत होतो आपण, असं वाटून मी ते तिकीट तिच्या हातातून परत घेतलं.

डाव्या भुवईत खोक होती.

फेटा नव्हता, दाढी नव्हती. उमेश होता. गेला तेव्हापेक्षा वाळलेला, केस कानांवर आलेले, ओठ थोडे उघडे, मला काहीतरी सांगता सांगता थांबल्यासारखे. मी शीटकडे बघितलं. तिथे ओळीने तोच होता. सकाळी मी तेच शीट बघितलं होतं.

मी शीट पालथं घातलं. आई म्हणत होती, "मले कार्डावर लावून दे. साऱ्यायले देतं तसं, कोपऱ्यात शिक्का मारून. पुढच्या हप्त्यात डोळ्याचं आपरेशन झालं का पुन्हा पाहीन, मस्त सफा."

पुढच्या आठवड्यात. मोतीबिंदू काढल्यावर. स्वच्छ.

मी तिकिटाला स्पंज लावला. कार्डावर चिकटवलं. उमेशच्या गालावरून बोट फिरवून कडा बसवल्या. शिक्का शाईच्या गादीवर दाबला, एकदा, पुन्हा एकदा. आणि सगळा जोर लावून चेहऱ्यावर मारला. आमच्या कोपऱ्यात असा आवाज कधी झाला नव्हता. मनीऑर्डरवाले वळून बघायला लागले.

आगाशे काका उठून जवळ आले. त्यांनी कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांच्यासमोर कुणी असा शिक्का मारला असता तर त्यांनी पोस्ट डोक्यावर घेतलं असतं. ते हळूच म्हणाले, "शाई जरा जास्त झाली, बाई. वाळू द्या." आणि त्यांनी स्वतःच्या रुमालाने कार्डाला वारा घातला. आईने ते पर्समध्ये ठेवलं, मला म्हणाली, "संध्याकाळी लवकर ये, शिरा करतो." शिरा तिने केला. मी तो खाल्ला, कसा ते मला आठवत नाही.

आजवर उमेशची काही खबर नाही. कुठून निरोप नाही, कागद नाही, कुणी भेटलं नाही. ते तिकीट खरं की खोटं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मला त्यात कोण दिसलं हे आगाशे काकांना मात्र कधी विचारावं लागलं नाही.

आईचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर तिने भिंतीवरचा डाग आधी मला दाखवला, मग माझे पिकलेले केस. "केवढी म्हातारी झाली वं तू," असं म्हणून खूप हसली. घरी आल्यावर पर्स मागवून घेतली. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. पण तिची हाक आली.

ती खिडकीपाशी बसली होती. कार्ड मांडीवर. तिकिटाच्या जागी एक काळा गोल होता, त्याच्या कडेला निळ्या बोटांची टोकं तेवढी उरली होती.

"काहून वं? शिक्का तोंडावर पडला?"

"हात घसरला, आई."

"तुया हात?" ती म्हणाली.

खूप वेळ त्या काळ्या गोलावरून अंगठा फिरवत बसली, लहानपणी आमचं तोंड पुसायची तसा. मग कार्ड देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं, वडिलांच्या फोटोशेजारी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आले. चप्पल काढली. पर्स खुंटीला लावली. मुद्दाम सावकाश हात धुतले, तोंड पुसलं. आईने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि ती शेजारी बसली. तिने विचारलं नाही. त्यानंतर तिने कधीच विचारलं नाही.